खरगपूरकडील ओस विमानतळ : साधनांची चिकित्सा

आज झारखंडांत मोडणारा चाकुलियाचा विमानतळ व बांकुडा जिल्ह्यांतील पियारडोबाचा विमानतळ हे दोन्ही आतां ओस पडले आहेत. १९४४ सालीं अमेरिकेचीं बी-२९ जातीचीं प्रचंड बाँबफेकी विमानें येथें उतरत होतीं. या तळांचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्याच्या हातीं प्रथम येतो तो क्रेव्हन व केट यांनीं संपादिलेल्या अमेरिकन हवाईदलाच्या इतिहासाचा, १९५३ सालीं प्रसिद्ध झालेला, पांचवा खंड. त्याच्या साधनमूल्याचा विचार येथें योजिला आहे.

ग्रंथाची योग्यता मोठी आहे. केट हे मूळचे मध्ययुगीन इतिहासाचे अभ्यासक. कागद पारखून घेण्याची त्यांची शिस्त लेखनांत दिसते. बी-२४ विमानांसाठीं आंखलेल्या धावपट्ट्या कां लांबवाव्या लागल्या, हिमालयापलीकडे इंधन पोंचविण्यांतच विमानांची शक्ति कशी खर्ची पडे, ५ जून १९४४ रोजीं बँकॉकवरील पहिल्या स्वारीस ९८ विमानें कशीं निघालीं, आणि १९४५ सालीं सर्व पसारा मारियाना बेटांकडे कां हलला, हें त्यावरून संगतवार कळतें. परंतु ग्रंथाचीं मुख्य साधनें स्वारी करणाऱ्याच्याच दप्तरांतील आहेत. धावपट्टीखालीं गेलेलें शेत कोणाचें होतें, हा प्रश्न त्या दप्तराचा नव्हे. पानिपतची मोहीम केवळ स्वारीच्या पत्रांवरून पुरी लिहितां येत नाहीं. ज्या मुलखांतून फौज गेली तेथील जमाबंदीही पाहावी लागते. तोच न्याय येथें लागू आहे.

दुसरें साधन म्हणजे दुष्काळ चौकशी मंडळाचा १९४५ चा बंगालविषयक अहवाल. लष्करी छावण्या, विमानतळ इत्यादिकांसाठीं ३०,००० हून अधिक कुटुंबांस घरेंदारें व जमिनी सोडाव्या लागल्या, आणि भरपाई मिळूनही त्यांतील पुष्कळ माणसें १९४३ च्या दुष्काळास बळी पडलीं, असा त्याचा आशय आहे. हें वाचतांच तो आंकडा या तळांच्या माथीं मारण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आंकडा अंदाजाचा असून सबंध बंगाल प्रांताचा आहे. चाकुलिया त्या वेळीं बिहार प्रांतांत होतें, म्हणून त्याचा हिशेब यांत येतच नाहीं. शिवाय बी-२९ विमानें येथें आणण्याची योजना १९४३ च्या अखेरीस मंजूर झाली. तोंपर्यंत दुष्काळानें आपला घास घेतला होता. तेव्हां त्या विमानांमुळें ही उपासमार झाली असें म्हणणें कालक्रमाच्या विरुद्ध होय. मूळच्या तळांसाठीं, त्यापूर्वीं, जमीन कोणाची व केव्हां गेली, हा खरा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर या दोहोंपैकीं एकाही ग्रंथांत शोधूं नये. तें गांवोगांवच्या खतियानांत, मौजांच्या नकाशांत आणि भूसंपादनाच्या निवाड्यांत शोधावयाचें आहे. विमानांची मोजदाद झाली आहे. कुळांची व्हावयाची आहे. संग्राहकांनीं पोथ्यांइतकीच या रुक्ष कागदांचीही आस्था बाळगावी, अशी आमची विनंती आहे. धावपट्टीचा दगड शंभर वर्षें टिकेल. भरपाईची पावती वाळवीपुढें एक पावसाळाही टिकत नाहीं.