रंग गेला, पाणी शुद्ध झाले काय? : प्रकाश-उत्प्रेरकांवरील संशोधनाचे परीक्षण

प्रगत पदार्थांच्या पर्यावरणीय उपयोगांविषयी आपल्या महाविद्यालयांतून जे संशोधन होते, त्यात प्रकाश-उत्प्रेरक हा विषय विशेष लोकप्रिय आहे. टायटॅनियम डायऑक्साइड वा झिंक ऑक्साइडचे अब्जांश कण बेताच्या साधनसामग्रीत तयार होतात आणि मिथिलीन ब्लूचे निळे द्रावण दिव्याखाली फिके पडताना प्रत्यक्ष दिसते. फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखविले, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो निष्कर्षाच्या पद्धतीवर.

बहुतेक शोधनिबंधांत ६६४ नॅनोमीटरजवळील शोषण किती घटले एवढेच मोजले जाते व त्यालाच ‘विघटन’ म्हटले जाते. वस्तुतः रंगद्रव्य कणांच्या पृष्ठभागाला नुसते चिकटले तरी द्रावण फिके होते. मिथिलीन ब्लूचे क्षपण होऊन त्याचे रंगहीन रूप बनले तरीही तेच घडते. शिवाय हे रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषून उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देऊ शकते. त्यामुळे उत्प्रेरक दृश्य प्रकाशात क्रियाशील आहे, हा दावा अशा चाचणीवरून सिद्ध होत नाही. ओहतानी व सहकाऱ्यांनी २००६ मध्येच हा मुद्दा मांडला होता. तरीही तीच चाचणी, तोच आलेख निबंधामागून निबंधात येत राहतो. प्रस्तुत लेखकानेही परीक्षक या नात्याने असे आलेख विनातक्रार संमत केले आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे.

प्रश्न केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. असे निबंध प्रस्तावनेत हमखास वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याचा दाखला देतात. आपल्याकडे इचलकरंजी व पंचगंगा ही नावे ओघाने येतात. पण रिॲक्टिव्ह रंगांनी सूत रंगविताना भरपूर मीठ व सोडा लागतो. त्यांतील क्लोराइड व कार्बोनेट आयन हायड्रॉक्सिल मूलकांना मध्येच गाठून निष्प्रभ करतात, आणि गडद पाण्यात प्रकाश खोलवर पोहोचतच नाही. ऊर्ध्वपातित पाण्यातील विरल, एकाच रंगाच्या द्रावणावरून या सांडपाण्याविषयी फारसे काही सांगता येत नाही. अझो रंगांची बाब अधिक गंभीर आहे. नत्राचा बंध तुटताच रंग जातो, पण मागे ॲरोमॅटिक अमाइने उरू शकतात. त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. नदीकाठच्या गावाला रंगीत पाण्याचा निदान संशय तरी येतो.

अंधारातील अधिशोषणाची नोंद, उत्प्रेरकाविना केवळ प्रकाशातील चाचणी, फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावर पडताळणी आणि एकूण सेंद्रिय कार्बनचे मापन एवढ्या गोष्टी मागितल्या तरी पुष्कळसे दावे गळून पडतील. यांतील शेवटच्या मापनाचे उपकरण अनेक महाविद्यालयांत नाही, ही अडचण खरी आहे. मात्र रासायनिक ऑक्सिजन मागणी काढण्यास डायक्रोमेट व ब्युरेट पुरते, आणि ते पदवीच्या प्रयोगशाळेतही असतात.