बाबा पदमनजी : पाळक, संपादक आणि आत्मचरित्राचा पुरावा

मराठी गद्याच्या इतिहासात बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे नाव बहुधा एकाच वाक्यात येते : ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या आद्य कादंबरीचे कर्ते. ते धर्मोपदेशक, नियतकालिकाचे संपादक, कोशकार आणि आत्मचरित्रकारही होते, हे त्या वाक्यात दडून जाते. परिणामी त्यांच्या लेखनाचे दोन भाग पाडले जातात : कादंबरी वाङ्मयेतिहासाकडे आणि उरलेले सर्व ‘मिशनरी वाङ्मय’ या सदराखाली. ही वाटणी सोयीची असली तरी शास्त्रशुद्ध नाही.

पदमनजींचा जन्म बेळगावचा, कासार कुटुंबातला. बेळगाव आणि मुंबई येथील मिशनच्या शाळांत त्यांचे शिक्षण झाले. मुंबईत ते परमहंस मंडळी या गुप्त सुधारक संस्थेच्या संपर्कात आले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पाळकाची दीक्षा, ‘सत्यदीपिके’चे संपादन, ‘नव्या करारा’वरील टीका आणि धार्मिक पुस्तके सिद्ध करण्याचे प्रदीर्घ कार्य, असा त्यांचा जीवनक्रम आहे. या जीवनाचा मुख्य दस्तऐवज म्हणजे ‘अरुणोदय’ (१८८८) हे आत्मचरित्र.

या ग्रंथाचा उपयोग आजवर प्रामुख्याने माहितीची खाण म्हणून झाला आहे. परमहंस मंडळीविषयी लिहिणाऱ्या अभ्यासकांना तो टाळता येत नाही. परंतु बाप्तिस्मा आणि आत्मचरित्र यांच्यामध्ये चौतीस वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. अनुभव घेणारा तेवीस वर्षांचा तरुण आहे. लिहिणारा मात्र मुरलेला संपादक व उपदेशक आहे. काय ठेवावे, काय गाळावे आणि कोणत्या प्रसंगाला कोणते स्थान द्यावे, याचा निर्णय या दुसऱ्या व्यक्तीचा होय. शीर्षकच पाहावे : अरुणोदय म्हणजे सूर्योदयापूर्वीची वेळ. पूर्वायुष्याला पहाटेचे रूप देणाऱ्या लेखकाला सूर्य कोठे उगवणार हे आधीच ठाऊक असते. म्हणून या ग्रंथातील परमहंस मंडळी ही एका प्रवासातील मागे टाकलेली पायरी म्हणून येते. ते तिचे अलिप्त वर्णन नव्हे. तिची साक्ष मोलाची आहे. पण ती मांडणीसह वाचावयास हवी.

या मांडणीची पारख करण्याचे साधन पदमनजींच्याच लेखनात आहे. ‘यमुनापर्यटन’ बाप्तिस्म्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी प्रसिद्ध झाले. तेथेही बोधाचा हेतू उघड आहे. तथापि विधवांच्या दुःखाचे प्रसंग एकामागून एक येतात आणि यमुनेच्या स्वतःच्या वैधव्यापाशी ते दुःख ऐकीव राहत नाही, भोगलेले होते. धर्मांतरित तरुणाच्या मनाचा ताण तेथे अधिक जवळून जाणवतो. कादंबरी कल्पित असल्याने अविश्वसनीय आणि आत्मचरित्र सत्य असल्याने विश्वसनीय, हा समज येथे टिकत नाही.

भाषेचा पुरावा याहून सूक्ष्म आहे. ‘मिशनरी मराठी’ हे विशेषण परकीय भाषांतरकारांच्या गद्याला लागू पडेल. पदमनजींना ते सरसकट लावणे अन्यायाचे आहे. मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप (१८६३) करणाऱ्या या लेखकाने मराठी शब्दसंपदा एकेक शब्द हाताळून पाहिली होती. ख्रिस्ती मराठीत ‘बाप्तिस्मा’ हा शब्द उसना राहिला. ‘तारण’, ‘पाळक’, ‘कृपा’ हे शब्द मात्र पूर्वीच्याच भाषेतले. व्यवहारात कर्जासाठी ठेवलेल्या वस्तूलाही ‘तारण’ म्हणणाऱ्या समाजाला त्याच शब्दाने आत्म्याची मुक्ती सांगणे, यात जुना अर्थ पुसला जात नाही. नवा त्याच्या शेजारी येऊन बसतो. हे शब्द पदमनजींनी घडविले असे नव्हे. परंतु मराठी ज्याची मातृभाषा आहे अशा उपदेशकाला दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात, आणि त्याच्या गद्याचा विचार येथून सुरू व्हावयास हवा.

तात्पर्य, पाळक, संपादक, कोशकार व कथाकार या चार भूमिका वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून पदमनजींचे आकलन होणार नाही. ‘अरुणोदय’, ‘यमुनापर्यटन’ आणि कोश यांचे एकत्र वाचन झाले, तर एका धर्मांतराच्या इतिहासाबरोबरच एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याने नवा आशय कसा पचविला, याचाही इतिहास हाती लागेल. तोवर ‘आद्य कादंबरीकार’ हा गौरव अपुराच राहील.