मोटारींचा पोळा

वाणिज्य शाखेची पदवी घेईपर्यंत माणसाला जी काही अंतिम सत्ये कळतात, त्यांत घसारा हे पहिले. जे सांगायला वेदान्त्यांना एवढाले ग्रंथ लागले, ते जमाखर्चाच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेले असते : जे जे म्हणून विकत घेतले, ते ते दरसाल कमी होणार. आयकराच्या हिशेबात मोटारीचा घसारा शिल्लक किमतीवर १५ टक्के. म्हणजे लाखाची मोटार वर्षाअखेर ८५ हजारांची, दुसऱ्या वर्षी ७२ हजार २५० रुपयांची, आणि अशी जिना उतरत उतरत पन्नासाव्या वर्षी पुस्तकात तिची किंमत उरते तीस रुपयांच्या आत. एवढ्यात राहुरीच्या स्टँडवर दोघांचा चहा होतो. भज्यांचे पैसे वेगळे.

पण गंमत अशी, की नेमक्या याच पन्नासाव्या वर्षी सरकार त्या मोटारीकडे आदराने पाहू लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम केला : पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी ही ‘व्हिंटेज’. तिला नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरे मिळतात, नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, ती दहा वर्षे चालते आणि पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. पुस्तकी किंमत तीस रुपये आणि नोंदणी वीस हजार! हे वाचले तेव्हा माझी बावीस वर्षांची कारकुनी एकदम पोरकी झाली.

हे सगळे आठवायचे कारण आमचे मेहुणे. ते नोकरीनिमित्त वडोदऱ्यात असतात. तिथल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जानेवारी २०२३ मध्ये जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. ‘ट्वेंटी-वन गन सॅल्यूट’ नावाचा हा सोहळा; त्याचे ते दहावे पर्व. मेहुण्यांनी मला फोनवर त्रेचाळीस छायाचित्रे पाठवली. प्रत्येकात मध्यभागी मेहुणे आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी मोटार. एका मोटारीचे नाक मला पूर्ण दिसले, कारण तेवढ्यात मेहुण्यांना शिंक आली असावी. खाली मजकूर : “दाजी, तुम्ही पाहिजे होतात!” नाटक न पाहता त्याचे परीक्षण लिहिण्याची आपल्याकडे परंपरा आहे, त्या मानाने माझ्याकडे त्रेचाळीस पुरावे होते. तेव्हा हे परीक्षण.

प्रथम नेपथ्य. नेपथ्याला पैकीच्या पैकी गुण. लक्ष्मीविलासचे काम १८७८ च्या सुमारास सुरू झाले आणि १८९० मध्ये पुरे झाले. मधल्या १८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले. म्हणजे वाड्याचा पाया घातला तेव्हा मोटार नावाची वस्तू जगात नव्हती, आणि कळस चढेपर्यंत ती जन्मून रांगायला लागली होती. वाड्याचे पहिले स्थापती मेजर मँट. आपल्या आकडेमोडीत चूक झाली असून इमारत कोसळणार, या धास्तीने ते खचले असे सांगतात. १८८१ मध्ये ते वारले, आणि काम चिझम यांनी तडीस नेले. वाडा अजून ठणठणीत उभा आहे. टोटल जुळत नाही म्हणून रात्रभर तळमळणाऱ्या माझ्यासारख्यांनी त्या वाड्याला एकदा नमस्कार करून यावे.

परंतु टीकाकाराला इथेच पहिली शंका येते. जुन्या मोटारीच्या मागे राजवाडा लागतोच का? नव्या मोटारीला जाहिरातीत डोंगर लागतो, तसा हिला वाडा. ‘एकवीस तोफा’ हे नावही त्याच जातीचे. इंग्रजी अमलात एकवीस तोफांची सलामी घेणारी संस्थाने पाचच : बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, काश्मीर आणि म्हैसूर. आमच्या कोल्हापूरची बोळवण एकोणिसांवर झाली. राहुरीला तोफ नव्हतीच; साखर कारखान्याचा भोंगा हीच आमची सलामी, आणि तीही महाराजांसाठी नसून पाळीवर जाणाऱ्यांसाठी.

आता प्रयोगाकडे वळू. या प्रकाराला फ्रेंच नाव आहे, ‘काँकूर देलेगाँस’. मेहुणे त्याला ‘कंकर्स’ म्हणतात, आणि आमची ही ‘तुमच्या त्या कंकरांचं काय झालं?’ असे विचारते. मूळ पॅरिसच्या बागांमधले. बडे लोक आपापल्या घोडागाड्या नटवून फिरवीत आणि कोणाची बग्गी जास्त देखणी यावर चुरस लागे. घोडे गेले, मोटारी आल्या, चुरस राहिली. इटलीत कोमो सरोवराकाठी व्हिला देस्ते इथे १९२९ मध्ये अशी स्पर्धा सुरू झाली, अमेरिकेत पेबल बीचला १९५० मध्ये. पेबल बीचला सुरुवातीची बक्षिसे नव्या गाड्यांनाच मिळत. १९५५ मध्ये १९३१ ची एक पिअर्स-ॲरो पहिली आली आणि तिथून जुन्यांचे दिवस पालटले. माणसांच्या बाबतीत अशी तारीख कधी उजाडेल, याची आमच्या शाखेतले निवृत्तीला टेकलेले सगळे वाट पाहत आहेत.

परीक्षक काय पाहतात? रंग मूळचा आहे का, दिवे त्याच कारखान्याचे आहेत का, गादीचे कातडे त्या काळचे आहे का, इंजिन सुरू होते का. अलीकडे जाणकार मंडळी, चकचकीत नवी केलेल्या गाडीपेक्षा जशीच्या तशी राखलेल्या गाडीला वेगळा मान देतात. हे मला मनापासून पटले. सुरकुती हा दोष नसून दाखला आहे, हे मोटारीच्या बाबतीत तरी मान्य झाले. नव्वद वर्षांपूर्वीचा पत्र्याचा बाक आणि हाताने ठोकून काढलेला मडगार्ड पाहिला की यंत्रातही हात दिसतो. ते देखणेपण खरे आहे, आणि ते टिकवायला पैसा ओतणाऱ्यांची थट्टा करण्यात अर्थ नाही. त्यांनी ओतला नसता तर हे सारे भंगारात गेले असते.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती समजावून सांगायला मला पोळ्याकडे यावे लागते.

वाचकहो, आपल्याकडे ही स्पर्धा परक्यांनी शिकवायच्या आधीपासून आहे. श्रावणातल्या किंवा भाद्रपदातल्या अमावास्येला, ज्या भागात जशी चाल असेल तशी, बैल धुतात, शिंगे रंगवतात, बेगड लावतात, पाठीवर झूल चढवतात आणि वाजतगाजत वेशीत आणतात. कोणाची जोडी उजवी यावर गावभर खल होतो. याहून वेगळे काँकूर ते काय! पण पोळ्याला दोन नियम जास्त आहेत. एक : मान मिळतो तो वर्षभर ओढलेल्या नांगराबद्दल. दुसरा : चांगल्या घरात त्या दिवशी बैलाबरोबर सालगड्यालाही नवे कापड आणि पुरणपोळी मिळते. बैलाचा सण, पण बैल हाकणारा विसरलेला नाही.

मोटारींच्या पोळ्यात हा दुसरा नियम गळाला. अशा गाड्यांविषयी जे जे छापून येते ते चाळून पाहा. सिलिंडर किती, ताकद किती घोड्यांची, बॉडी कोणत्या कंपनीची, पहिले महाराज कोणते, आजचे मालक कोण, सगळे तपशील तोंडपाठ. गाडी हाकली कोणी, पंक्चर काढली कोणी, इंग्लंडहून सुटा भाग येईना तेव्हा इथल्याच लेथवर तो घडवला कोणी, हे रकाने क्वचितच भरलेले. आमच्याकडे असा कोरा रकाना असलेला फॉर्म आला तर आम्ही तो परत पाठवतो.

ती अलवारच्या महाराजांची गोष्ट आठवा. लंडनच्या दुकानात अपमान झाला म्हणून त्यांनी रोल्स-रॉइस गाड्या विकत घेऊन कचरा वाहायला लावल्या म्हणे. हीच गोष्ट पतियाळा, भरतपूर, हैदराबाद अशा निरनिराळ्या नावांवर खपते आणि भक्कम पुरावा कुठेच नाही. पण दंतकथा म्हणूनही तिच्यात एक पात्र कमी आहे. त्या रोल्स-रॉइसमध्ये कचरा भरणारा माणूस! महाराजांचा मान राखला गेला, कंपनीचा नक्षा उतरला, आणि तो बिचारा रोजच्यासारखा कचरा भरत राहिला. त्याला गाडी कशी वाटली, हे कोणी विचारले नाही.

आता आमच्या जिल्ह्यातली मोटार घ्या. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावर राज्यातली पहिली एसटी धावली. तीस आसनांची बेडफर्ड, बॉडी लाकडाची. या गाडीची ताकद किती घोड्यांची होती, हे आमच्याकडे कोणाला सांगता येणार नाही. पण चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावे आजही दर जूनला वर्तमानपत्रात येतात. मालक कोण, हे कोणी विचारत नाही, कारण मालक तिकीट काढून मागच्या बाकावर बसला होता.

आणि इथेच त्या २०२१ च्या नियमाकडे पुन्हा पाहायला हवे. तो फक्त दुचाकींना आणि खासगी वापराच्या चारचाकींना लागू आहे. धंद्याची गाडी त्यात बसत नाही. म्हणजे एसटीची बस, उसाचा ट्रक, ट्रॅक्टर यांनी शंभरी गाठली तरी ती ‘व्हिंटेज’ नव्हेत. ती नुसती जुनी. ज्या गाडीने एका कुटुंबाला हवा खायला नेले ती वारसा, आणि जिने तालुक्याला बाजाराला नेले ती भंगार! राहुरी परिसरातले अनेक मळे ज्या ट्रॅक्टरांनी पिकवले, त्यांतले किती उरले? बरेचसे वजनावर गेले. कृषी विद्यापीठ गावालगत असलेल्या तालुक्यातला माणूस म्हणून मला हे लागते.

उलट उदाहरणेही जवळच आहेत. कोल्हापूरला छत्रपतींची जुनी जर्मन मेबॅक शाही दसऱ्याला दसरा चौकात येते, आणि सोने लुटायला जमलेली माणसे तिला घरच्या आजीसारखी ओळखतात. तिला परीक्षक लागत नाहीत. आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसच आहे, पण चिलखत घातलेली, सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावरची. आलिशानपणाची शान सोडून ती लष्कराच्या चाकरीत गेली, आणि म्हणूनच मला ती सर्व रोल्स-रॉइसांत सज्जन वाटते. राहुरीहून तिथे तासाभरात पोचता येते. नगर-मनमाड रस्त्याची कृपा असेल तर.

ज्यांच्यासाठी लक्ष्मीविलास उभा राहिला ते सयाजीरावही आमच्याच वाटेचे. राहुरीवरून मनमाडकडे निघाले की पुढे मालेगाव तालुका, त्यातले कवळाणे हे त्यांचे गाव. १८७५ मध्ये बारा वर्षांचा गोपाळ तिथून दत्तक गेला. त्याच राजाने १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा उभी केली, १९१० नंतर गावोगाव वाचनालये काढली आणि जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. त्या वाड्याच्या हिरवळीवर मला खरे तर ती पेटी पाहायची होती. किती गावे फिरली, किती हातांनी उचलली, कोपरे किती घासले. मूळ रंग बहुधा उरला नसेल. पण जाणकार परीक्षकांचा नियम लावला तर पहिले बक्षीस तिचेच.

तेव्हा एकंदर अभिप्राय असा : नेपथ्य उत्तम, वेशभूषा उत्तम, अभिनय इंजिनागणिक कमीजास्त, पण पात्रपरिचय अपुरा. पुढच्या पर्वात प्रत्येक गाडीपुढच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली एक ओळ वाढवावी : ‘हाकणारा’ आणि ‘दुरुस्त करणारा’. नाव सापडले नाही तर जागा कोरी ठेवावी, पण ठेवावी. कोऱ्या जागेकडे पाहून निदान कोणाला तरी विचारावेसे वाटेल.

मेहुण्यांना हे सगळे फोनवर ऐकवले. ते म्हणाले, “दाजी, त्रेचाळीसातला अठरावा फोटो बघा. माझ्यामागे खाकी शर्टातला जो माणूस गाडी पुसतोय ना, त्याच्याशी अर्धा तास बोललो मी. त्याचा आजाही याच कामात होता.” मी अठरावा फोटो काढून पाहिला. मेहुण्यांच्या खांद्यामागे एक हात दिसत होता, आणि त्या हातात पिवळे फडके.