‘बर्थ’ : आठ मातांची साक्ष

कॅरन ब्रोडी यांचे ‘बर्थ’ हे २००६ सालचे अमेरिकी नाटक. शंभराहून अधिक मातांशी बोलून ते लिहिले गेले. रंगमंचावर आठ जणी आपापल्या बाळंतपणाची हकीकत सांगतात. कळा सोसणारीला कोणी काही विचारीतच नाही, हे त्यातले मर्मस्थान. भारत सरकारनेही ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहातील सन्मानपूर्वक वागणुकीवर भर दिला. परिपत्रकांचे मसुदे आम्ही नोकरीत पुष्कळ केले. त्यांनी वॉर्डातली वसवस थांबत नाही. परिचारिका व डॉक्टरांपुढे असा प्रयोग झाला, तर निदान ऐकणे तरी सुरू होईल. मात्र या आठही जणी सुशिक्षित, बिनजोखमीच्या. सरकारी वॉर्डात एका खाटेवर दोघी निजतात, त्यांतली एकही येथे नाही, हे आम्हांस फार खटकले.