शेवटच्या कडव्यापर्यंत

गाणे आवडणे निराळे आणि ते शेवटपर्यंत ऐकावेसे वाटणे निराळे. पुष्कळ गाण्यांचा मुखडा मनात भरतो, तो गुणगुणत आपण कामाला लागतो आणि पुढची कडवी ऐकली न ऐकली तरी फारसे बिघडत नाही. कारण सांगायचे ते मुखड्यातच सांगून झालेले असते. थोड्या गायकांचे गाणे मात्र असे असते की, ते मध्येच सोडले तर अर्धे ऐकले असे होत नाही, चुकीचे ऐकले असे होते. कुमार गंधर्व हे या थोड्यांपैकी होत. त्यांनी गायिलेली निर्गुणी भजने मी याच दृष्टीने पाहू इच्छितो.

बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकलीमठ यांना 'कुमार गंधर्व' ही उपाधी बालवयातच मिळाली. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. ऐन उमेदीत क्षयाने गाठल्यामुळे १९४८ च्या सुमारास ते माळव्यातील देवासला राहावयास गेले आणि काही वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. औषधाने रोग हटला, पण फुप्फुसाची पूर्वीची ताकद परत आली नाही. त्या सक्तीच्या मौनात माळव्याची लोकगीते आणि नाथपंथी जोग्यांची भजने त्यांच्या कानी पडत राहिली. पुढे कबीराची पदे त्यांनी मैफलीत आणली ती याच पार्श्वभूमीवर.

या भजनांत दीर्घ दमसासाची आलापी नाही. लहान लहान स्वरवाक्ये, एखादा शब्द एकाएकी उंच फेकलेला, मग विराम आणि त्या विरामात तंबोऱ्याचा नाद. आरंभीची दोन मिनिटे ऐकून उठणाऱ्याला हे तुटक वाटेल. कुमारांच्या विलंबित ख्यालात परंपरेने अपेक्षित असलेला विस्तार आढळत नाही, असा आक्षेप जाणकारांनी घेतला होता आणि ख्यालापुरते त्यात तथ्य आहे, असे मला वाटते. भजनात मात्र हाच तुटकपणा अर्थाच्या उपयोगी पडतो. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परत येते. शब्द तेच, पण मधल्या कडव्याने त्यांत काहीतरी मिळवलेले असते. पहिल्या वेळी जी नुसती बातमी वाटली, ती दुसऱ्या वेळी इशारा होते आणि अखेरीस स्वीकार. कुमार हा फरक स्वरांतून दाखवतात. त्यासाठी आवाज चढवण्याची त्यांना गरज पडत नाही. उलट, शेवटी तो बहुधा निवलेला असतो.

अशा पदाच्या अखेरीस कबीराचे नाव येते, जसे आपल्या अभंगात तुकोबांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावरही 'दास' ही नाममुद्रा घेऊन हीच रीत पुढे चालवली. ही मुद्रा म्हणजे केवळ सही नव्हे. तोवर सांगितलेल्या गोष्टीची जबाबदारी कवी तेथे स्वतःवर घेतो. म्हणून मुद्रेची ओळ घाईने उरकणारा गायक कवीची साक्षच वगळतो. पंडित भीमसेन जोशी यांच्या अभंगगायनात भक्तीचा असा लोट असतो की, श्रोत्याने कोठूनही उडी घ्यावी आणि न्हाऊन निघावे. हे सामर्थ्य थोरच आहे. कुमारांचे भजन मात्र नदीसारखे नसून पायवाटेसारखे आहे. मध्येच थांबणारा मुक्कामाला पोहोचत नाही.

आता हा विचार आपल्या अंगणात आणू. मिस्सामधील प्रतिसाद स्तोत्राची घडण अशीच आहे. वाचक कडवे म्हणतो, मंडळी तेच पालुपद पुन्हा म्हणते, आणि प्रत्येक वेळी ते निराळ्या वजनाने म्हटले जावे, अशी अपेक्षा असते. झावळ्यांच्या रविवारचे बाविसावे स्तोत्र पाहा. मत्तय आणि मार्क सांगतात की, प्रभूने क्रुसावर उच्चारलेला तो आर्त प्रश्न म्हणजे या स्तोत्राची पहिलीच ओळ. जवळ उभे असलेल्यांना ते धड ऐकू आले नाही आणि तो एलियाला हाक मारीत आहे, असा त्यांनी तर्क केला. स्तोत्र पुढे मात्र वेदनेतून वाट काढीत स्तुतीपाशी पोहोचते. भावांमध्ये देवाच्या नावाची घोषणा करण्याचा निर्धार त्यात येतो. उपासनेत नेमलेल्या निवडक ओव्यांचे शेवटचे कडवे हेच आहे. वेळ वाचवण्यासाठी दोन कडव्यांवर थांबल्यास मंडळीच्या पदरात फक्त टाकून दिल्याची वेदना पडते आणि ज्याच्यासाठी ती वेदना गायिली गेली, ती स्तुती पुस्तकातच राहते.

येथे वाचणारे मिनिट फार महाग पडते. आपल्या गायकवृंदांनी कुमारांची शैली उचलावी, असे मला मुळीच सुचवायचे नाही. ती उचलता येण्यासारखी नाही. परंतु गीत निवडताना त्याचे शेवटचे कडवे आधी वाचावे आणि सरावालाही तेथूनच आरंभ करावा, एवढे आपल्याला करता येईल. ज्या गीताचे शेवटचे कडवे वगळूनही काही उणे वाटत नाही, ते उपासनेसाठी निवडावे का, हा प्रश्न मग आपोआपच पुढे येईल.