माळ आणि मराठी लेखक

मराठी साहित्यात झाडे पुष्कळ आहेत. गवत फारसे नाही. जे आहे ते श्रावणातले, कोकणातले, नाहीतर बंगल्यापुढच्या हिरवळीचे. उन्हाळ्यात पिवळे पडून वाऱ्यावर सळसळणारे, कुसळांनी धोतर भरून टाकणारे, मेंढरांच्या दातांखाली करकरणारे जे गवत, त्याला आमच्या लेखकांनी बहुधा ‘ओसाड’ या एका विशेषणात गुंडाळून ठेवले आहे. मी निमगाव केतकीचा. गावाच्या एका अंगाला पानमळे, डाळिंबाच्या बागा आणि ऊस. दुसऱ्या अंगाला कडबनवाडीकडचा माळ. त्यामुळे हे विशेषण मला लहानपणापासून खटकत आले आहे, असे लिहिले असते तर शोभून दिसले असते. खरे असे की, मीही तीस वर्षे वर्गात ते बिनदिक्कत वापरले.

शब्दांचाच प्रश्न आधी घेऊ, कारण माळाचे बरेचसे हाल शब्दांनी केले आहेत. सातबाऱ्यावर ‘पडीक’ हा शब्द येतो तो महसुलाच्या हिशेबातून. ज्या जमिनीतून सारा निघत नाही ती पडलेली. मग तिच्यावर शेकडो मेंढरे जगत असोत. इंग्रजी अमदानीत ही दृष्टी कायद्यात बसली आणि स्वातंत्र्यानंतरही ती उठली नाही. केंद्र सरकारने २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रथम प्रसिद्ध केला, त्यातही विरळ झुडपांची रानेच्या राने ‘पडीक’ या सदराखाली आली. जमीन पडीक ठरली की तिला ‘सुधारणे’ ओघानेच येते.

गंमत अशी की, ‘जंगल’ हा आपला शब्द मुळात दाट झाडीचा नव्हेच. चरक-सुश्रुतांनी देशाचे जे प्रकार केले त्यांत आनूप देश म्हणजे पाणथळ, गर्द झाडीचा. आणि जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळ्या आकाशाचा, विरळ झाडांचा, हरणांचा. फ्रान्सिस झिमरमान या फ्रेंच पंडिताने या जोडीवर एक सबंध ग्रंथ लिहिला आहे. त्या व्याख्येने पाहिले तर कडबनवाडीचा माळ हेच अस्सल जंगल, आणि महाबळेश्वरची राई दुसऱ्या कोटीतली. पुढे शब्द उलटा फिरला. झाडी म्हणजे जंगल, आणि जिथे झाडी नाही तिथे जंगल ‘व्हायचे राहिले आहे’ असा समज रूढ झाला.

हा समज आमच्या उत्तम लेखकांतही आहे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) मला अतिशय प्रिय आहे. पण त्या चक्राचा आस झाडाफुलांचा आहे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे, म्हणजे माळाच्या ऐन पोटातले. पण त्यांची लेखणी खुलली ती नवेगाव-नागझिऱ्याच्या तळ्याकाठी आणि मेळघाटच्या सागवनात. नोकरीने त्यांना तिकडे नेले, हा त्यांचा दोष नव्हे. परंतु मराठी वाचकाच्या मनात ‘अरण्य’ या शब्दाला जे चित्र चिकटले त्यात त्यांच्या पुस्तकांचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

उरतात व्यंकटेश माडगूळकर. ‘बनगरवाडी’ला (१९५५) आता सत्तर वर्षे होऊन गेली. राजाराम मास्तर, कारभारी, आनंदा रामोशी यांच्याविषयी इतके लिहून झाले आहे की मी त्यात भर घालणार नाही. माझा मुद्दा शेवटाविषयीचा आहे. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी रिकामी होते. समीक्षकांनी या शेवटात नियती पाहिली, मानवी अस्तित्वाचे एकाकीपण पाहिले. मीही मुलांना तेच लिहून दिले. या सगळ्यात माळ झाला नियतीचा रंगमंच, म्हणजे पुन्हा ओसाड. वास्तविक माडगूळकरांची नजर शिकाऱ्याची आणि चित्रकाराची. त्यांच्या कादंबरीतला माळ ओसाड नाही. तो ओसाड केला आम्ही वाचकांनी. मेंढरे, माणसे आणि जमीन हा तिथे एकच संसार आहे आणि तो पावसाच्या मापाने चालतो. धनगराच्या दृष्टीने उठून दुसरीकडे जाणे ही जमीन राखण्याची जुनी रीत आहे. बनगरवाडीचे उठणे भयंकर आहे ते याच रीतीची दोरी त्या वर्षी तुटते म्हणून. हे ओळखले तरच त्या शेवटाचे खरे वजन कळते.

तुम्ही म्हणाल, एका कादंबरीच्या वाचनाने माळाचे काय बिघडते? बिघडते ते असे. पुणे-सोलापूरकडच्या वनजमिनींवर वर्षानुवर्षे समपातळी चर खणून गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी झाडे लावली गेली. झाड लावणाऱ्याला कोण वाईट म्हणणार? शाळेची मुले प्रभातफेरी काढून येतात. पण जिथे मुरमावर वीतभर माती आणि वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे मारवेल-पवन्यासारखी गवते हीच जमिनीची पुरी वाढ आहे. त्यांच्यावर सावली पडली की ती खचतात. चिंकारा लांबवर दिसण्याच्या भरवशावर जगतो, खोकड उघड्यावर बीळ करते, चंडोल आणि धाविक जमिनीवर अंडी घालतात. झाडांच्या रांगा त्यांच्या उपयोगाच्या नाहीत. बारामती तालुक्यात सुप्याला १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले, ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. बाकीचे चिंकारे आणि लांडगे अभयारण्याबाहेरच, ऊस आणि कारखाने यांच्यामधल्या तुकड्यांवर राहतात.

राखण्याचा दुसरा अतिरेक नान्नजने दाखवला. १९७९ साली माळढोकासाठी तिथे जे अभयारण्य जाहीर झाले त्याचे क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या घरात होते. गावेच्या गावे त्यात आली. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडथळे आले आणि लोकांच्या मनात तो पक्षी म्हणजे जमिनीवरचा बोजा ठरला. पुढे क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरांवर आले. पण तोवर माळढोक जवळजवळ संपला होता. आता एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

२०२४ साली वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळकडे गवताळ रानाची सफारी सुरू केली. माळाला पाहण्याजोगे मानले गेले, गावच्या पोरांना वाटाड्याचे काम मिळाले, याचा मला आनंद आहे. मात्र पाहुण्यांच्या बोलण्यात लांडगा येतो, चिंकारा येतो, धनगर येतो तो ‘त्रास’ म्हणून. अति चराईने माळ मरतो हे खरेच. पण चराईबंदीचा फलक लावला की प्रश्न सुटला, असे समजणारे लोक ‘पडीक’ म्हणणाऱ्यांचेच सख्खे भाऊ. गुंथर सोन्थायमर या जर्मन संशोधकाने धनगरांच्या ओव्या आणि दैवते अभ्यासून ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ अशी जोडी मांडली: नांगराखालचे क्षेत्र आणि त्याच्या बाहेरचे चराईचे वन, दोन्ही एकमेकांवाचून अपुरी. आमच्याकडे ही जोडी वर्षातून एकदा उघड दिसते. तुकोबांची पालखी निमगावात मुक्कामाला येण्याआधी काटेवाडीला मेंढरे पालखीभोवती रिंगण धरतात. त्याची छायाचित्रे सगळीकडे छापून येतात.

दिवाळीच्या आधी माळावर एक वाडा उतरला होता. त्यातल्या वयस्क माणसाशी बोलत बसलो. लांडग्याने दोन कोकरे नेली होती. भरपाई मिळते म्हणतात, असे मी म्हणालो.

“मिळती की, मास्तर. पर पंचनाम्याला मानूस येस्तवर वाडा दोन गावं म्होरं गेल्याला असतो. मेलेलं कोकरू घिऊन बसू का जित्ती मेंढरं घिऊन जाऊ?”

लांडग्यावर त्याचा राग होता, पण तो शेजाऱ्यावरचा असावा तसा. नव्या चरांवर जास्त होता. त्यांत मेंढीचा पाय मोडतो. बोलण्याच्या ओघात मी त्याला बनगरवाडीची गोष्ट सांगितली: मास्तर, कारभारी, तालीम, आनंदा, आणि शेवटचा दुष्काळ. त्याने ती नीट ऐकली. वाडी उठून गेली, असे म्हणून मी थांबलो.

“गेली, पर कुनीकडं?” त्याने विचारले. “चारा कुठल्या अंगाला होता त्या साली?”

हे पुस्तक मी तीस वर्षे शिकवले. सध्या ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले आहे.