माराचे अक्षर

चिनी अक्षर म्हणजे चित्र, आणि त्याचा अर्थ कानांवाचून केवळ डोळ्यांनी उमगतो, ही समजूत आपल्याकडील सुशिक्षितांतही रूढ आहे. तिला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली ती अर्नेस्ट फेनोलोसा याच्या निबंधाने. त्याच्या मृत्यूनंतर एझ्रा पाउंड याने तो १९१९ साली प्रसिद्ध केला. त्या निबंधाने इंग्रजी काव्याला नवी दृष्टी दिली, हे मान्य करावयास हवे. परंतु त्यातील अक्षरविषयक कल्पना कितपत टिकते, हे एका अक्षराच्या आधारे पाहणे बरे. ते अक्षर आपल्याला परके नाही. आपल्याच एका शब्दासाठी ते घडविले गेले आहे.

आजच्या चिनी भाषेत त्याचा उच्चार ‘मो’ असा होतो. वर छपरासारख्या रेषेखाली दोन झाडे दिसतात आणि त्यांच्या खाली ‘भूत’ या अर्थाचे चिन्ह आहे. चित्रवादी वाचक तत्काळ म्हणेल, ‘रानात दडलेले भूत!’ कल्पना रम्य खरी, पण निराधार. वरचा भाग हे भांगेच्या जातीच्या, वाख देणाऱ्या झाडाचे अक्षर होय. त्याचा उच्चार ‘मा’, आणि येथे ते केवळ त्या ध्वनीसाठी घेतले आहे. खालचे चिन्ह शब्दाचा वर्ग तेवढा दाखविते. बहुसंख्य चिनी अक्षरे अशाच जोडणीने सिद्ध झाली आहेत.

हा ध्वनी संस्कृत ‘मार’ शब्दाचा. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकारांनी तो दोन अक्षरांत लिहिला. पुढे दुसरे अक्षर गळाले. पूर्वी खाली ‘दगड’ हे चिन्ह असे. लिआंग वंशाचा सम्राट वू (राज्यकाल ५०२–५४९) याने त्या जागी ‘भूत’ आणले, असे परंपरा सांगते. इ. स. १२१ मध्ये सादर झालेल्या शू शेन याच्या प्रसिद्ध कोशात हे अक्षर नाही. ९८६ सालच्या आवृत्तीत ते नव्याने घातले गेले, आणि अर्थ दिला ‘भूत’.

येथे ‘मार’ संकोचला. बौद्ध विचारात क्लेश हाही मार, मृत्यू हाही मार. साधकाच्या वाटेत जे जे आडवे येते ते ते मार. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील शिल्पात माराचे सैन्य आहे, तशाच त्याच्या मोहक कन्याही आहेत. तेव्हा वर्गचिन्हाचा परिणाम झालाच नाही, असे कोणी म्हणू नये. प्रश्न एवढाच, की अखेरचा शब्द त्याचा होता काय?

जपानी भाषेत त्याचे उत्तर मिळते. ‘दुष्ट’ या अर्थाच्या अक्षराशी जोडून तेथे ‘जामा’ शब्द रूढ झाला. मूळ अर्थ साधनेत विघ्न आणणारा मार. आज कोणताही अडथळा म्हणजे ‘जामा’. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना पाहुणा ‘ओजामा शिमास्’ म्हणतो. म्हणजे, ‘आपल्याला व्यत्यय आणतो आहे.’ सज्जन मनुष्याच्या हातून क्षणिक मोहाने चोरी घडली, तर त्याच्यात ‘मा’ शिरला असे म्हणतात. कोरियन भाषेतही कामात विघ्ने येऊ लागली की मध्ये ‘मा’ आला म्हणतात. उलट व्हिएतनामी भाषेत ‘मा’ म्हणजे सरळ भूत, आणि अंत्यविधी म्हणजे ‘डाम मा’.

आता गंमत पाहा. व्हिएतनामी लोकांनी चिनी अक्षरे सोडून रोमन लिपी घेतली. भुताचे चिन्ह गेले, भूत मात्र राहिले. जपानी लेखनात ते चिन्ह आजही डोळ्यांसमोर आहे, पण ‘जामा’ वाचताना कोणाला भूत दिसत नाही. तेथे उरले आहे ते बौद्धांचे विघ्न.

चिनी-जपानी काव्य आपल्यापर्यंत बहुधा इंग्रजीच्या द्वारे येते, आणि अक्षरे फोडून काढलेल्या प्रतिमा त्याबरोबर येतात. अशी प्रतिमा भेटली, तर ती मूळ कवीची की भाषांतरकाराची, हे आधी विचारावे. मूळ भाषा बोलणाऱ्याला ती ऐकूही येत नसेल, तर तिचे श्रेय मूळ कवीला देणे हा त्याच्यावर अन्यायच होय.